मेडलच्या कडेला कोरलेलं नाव

प्रिय आक्का,

काल तुझं तेरावं झालं. मंडळी पांगल्यावर तुझ्या पुतण्यानं तुझं मेडल माझ्या हातात आणून दिलं. म्हणाला, "दत्तूअण्णा, तुमी कॅम्पात ह्येच काम करतासा न्हवं? लई काळं पडलंय. जरा चकचकीत करून द्या की."

मी घेतलं, पण चकचकीत करणार नाही. का, ते त्याला तिथं उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं खरं, पण आता ती अडचण कसली!

आपल्या कंग्राळीत, आपल्या आळीत, मेडलं दोनच. एक आमच्या आप्पांचं, माझ्या वडलांचं. ते पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईतून परत आले आणि छातीवर लावून मिरवले. दुसरं शेजारी तुमच्या घरातलं, तुझ्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दाजींचं. दाजी आले नाहीत, त्यांचं मेडल तेवढं टपालानं आलं. तुझ्या लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती गं? दोन?

खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्याबरोबर ही दोन्ही मेडलं आमच्याच पाटावर बसायची. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून घासायची, घागरी घासतात तशी! मी पोरसवदा असताना एका वर्षी हा मान हौसेनं मागून घेतला. फिती भिजू नयेत म्हणून सोडून ठेवल्या, दोन्ही मेडलं खसाखसा घासली आणि फिती परत ओवल्या. एका बाजूला राजा, दुसरीकडं घोडेस्वार, दोन्ही हुबेहूब सारखी. कुठलं कुणाचं हे बघायचं असतं, हे कुणाला ठाऊक होतं?

दोन महिन्यांनी मी लष्कराच्या कॅम्पात, मेडलं फितीला बांधून द्यायच्या दुकानात कामाला लागलो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "राजाचं तोंड बघत बसू नको. कड वाच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं तिथं कोरलेलं असतं. कड वाचल्याशिवाय फीत सोडायची नाही." मला खंडेनवमी आठवली. रविवारी घरी येऊन आप्पांचं मेडल उन्हात धरलं आणि एकेक इंग्रजी अक्षर लावलं. नाव दाजींचं होतं!

तीन वर्षं मी गप्प बसलो, आक्का. याची लाज अजून गेलेली नाही. तू दर सोमवारी त्या मेडलला कुंकू लावायचीस. स्वतःच्या कपाळाला नाही, त्याला. त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचीस. दाजींचं म्हणून जगात तेवढं एकच तुझ्याजवळ होतं, आणि तेही माझ्या हातून दुसऱ्याचं झालेलं. कुठल्या तोंडानं सांगू?

शेवटी एक युक्ती केली. फीत बदलून देतो म्हणून तुझ्याकडून मेडल नेलं, आमच्या घरातलं दाजींचं काढलं, त्याला नवी फीत लावली आणि ते तुला आणून दिलं. वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण तू ते हातात घेतलंस, कडेवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, "ह्ये न्हवं रं दत्तू. ह्येची कड येगळी लागतीया."

मग मात्र मला रडू फुटलं आणि सगळं ओकलो. तू मला चपलेनं हाणायला हवं होतंस! तू मेडल उलटंपालटं करून बघितलंस. मग म्हणालीस, "म्हंजी तीन वर्सं मी तुझ्या आप्पाला कुंकू लावत हुते व्हय रं?" आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागलीस. "तरीच त्यो गेल्या साली तापातनं उठला! वैद्यानं तर हात टेकलं हुतं. आमचं माणूस गेलं ते गेलं. तुमचं तरी ऱ्हायलं."

आक्का, असं कोण बोलतं गं? आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

डोळे पुसून तू म्हणालीस, "दाव, कुटं लिवलंय." मी तुझा अंगठा अक्षरांवर ठेवला आणि वाचून दाखवलं. कल्लाप्पा. तू एकदम इकडंतिकडं बघितलंस. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ते कुणी असं मोठ्यानं घेतलेलं तू किती वर्षांत ऐकलं नव्हतंस! मग हळूच म्हणालीस, "जिभेनं घ्याचं न्हाय. बोटानं घ्यायला कोण नगं म्हणतंय?"

त्या दिवसापासून चिंच-राख बंद झाली. चांदीवरचा काळेपणा हे तिचं पांघरूण आहे, ओढून काढू नको, असं मी सांगितलं, तू ऐकलंस. कुंकू खाचांत बसतं म्हटल्यावर ते पाटाला लावायला लागलीस. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात मेडल कोरडं ठेवलंस. गिऱ्हाइकांना मी आणखी एक बजावतो: उघडं बोट कडेला लावू नका, घामानं चांदी खराब होते, अक्षरं झिजतात. तुला ते एकदाही बजावलं नाही. जीभच रेटली नाही.

आज कॅम्पात लोक म्हणतात, दत्तूच्या हातून मेडल बदलत नाही. त्यांना काय माहीत, एकदा बदललं होतं आणि ज्या बाईचं बदललं तिनं मला माफ केलं होतं, म्हणून!

आज सकाळी भिंग लावून कड बघितली. नंबर पुसट आहे, पलटण वाचता येते. नावाच्या जागी मात्र काहीच नाही. गुळगुळीत! शेजारी बसणारा नावं कोरणारा कारागीर म्हणाला, "नाव सांग, तासाभरात परत कोरून देतो." मी नको म्हटलं.

आक्का, हे मेडल मी कुणाला घासू देणार नाही आणि कोरूही देणार नाही. तुझ्या पुतण्याला आहे तसं परत देईन आणि सांभाळायचं कसं ते शिकवीन. दर खंडेनवमीला येईन. कड कोरी दिसते, हे कुणाचं, असं कुणी विचारलं तर चारचौघांत मोठ्यानं सांगेन: शिपाई कल्लाप्पाचं, आणि त्याच्या ज्या बायकोनं, आमच्या गंगूआक्कानं, ते नाव बोटानं घेऊन घेऊन संपवलं, तिचं.

तुझाच,
दत्तू
कॅम्प, बेळगाव