टेक चांगला आहे, ठेवू

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. वही बायकोने दिली. मनात येईल ते लोकांच्या तोंडावर बोलण्यापेक्षा यात लिहा, म्हणजे ही नोकरी तरी वर्षभर टिकेल, असं तिचं म्हणणं. वीस वर्षं मी साबणांच्या आणि बिजागऱ्यांच्या जाहिरातींचे आवाज साफ करत होतो. शेवटच्या साहेबांना त्यांच्या गळ्याबद्दल खरं काय ते सांगितलं आणि घरी बसलो.

स्टुडिओ गालिच्यांच्या दुकानाखाली, तळघरात. अकरा पायऱ्या. दुकानात उरलेले गालिचे पायऱ्यांवर एकावर एक पाच थर ठोकलेत, त्यामुळे झोपलेल्या म्हशीच्या अंगावरून उतरल्यासारखं वाटतं. खाली आवाज अडवणारं लोखंडी दार. दोन माणसांच्या वजनाचं, आणि आपलं आपण मिटणारं.

नोकरी मेहुण्याने लावून दिली. तो इथला दुरुस्तीवाला. माझ्या लग्नात बारा वर्षांचा होता. सोल्डरिंग मीच शिकवलं. आता छत्तीसचा आहे, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, आणि मला शिकवतो. त्याला बहीण एकच, मला बायको एकच, तेव्हा मला 'दाजी' म्हणणारा जगाच्या पाठीवर हा एकटाच.

काम असं : शहाऐंशी साली याच खोलीत एका हेवी मेटल बँडने अल्बम केला. आठ गाणी, दोन रिळं. तो आता नव्याने निघायचाय, म्हणून टेप संगणकात उतरवायची. कव्हरवर कवटी, कवटीत तलवार, तलवारीवर साप. मेहुण्याने विचारलं, की दाजी, सापाला बसायला दुसरी जागा नव्हती का. गाण्यांत दर ओळीला कुणी ना कुणी मरतं. पण आठव्या गाण्याच्या शेवटी जी किंकाळी आहे, अकरा सेकंदांची, ती जुन्या कॅसेटवर ऐकून माझ्यासारख्याच्याही अंगावर काटा आला. चाहते म्हणे तिच्यासाठीच जीव टाकतात.

मालक म्हणजेच त्या वेळचा रेकॉर्डिस्ट. पंचाहत्तरीचा, इस्त्रीचा सदरा. बँडचा बेसवाला ते आठवं गाणं करतानाच गेला, पायऱ्यांवरून पाय घसरून, असं त्याने सांगितलं. मी त्या पाच थरांचा विचार केला. वहीत लिहितोय, बोललो नाही. बायको खूश होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुनी टेप चिकट होते. तशीच लावली तर वरचा थर खरवडून निघतो आणि गाणं मशीनला लागून राहतं. म्हणून आधी ती मंद ओव्हनमध्ये आठ तास शेकायची. मेहुणा दर तासाला येऊन केक फुगला का विचारत होता.

रिळं उघडली तेव्हा मालकाची चूक दिसली. टेपचे वेढे एकमेकांना घासून बसतात, आणि एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. म्हणून गाणं सुरू व्हायच्या सेकंदभर आधी त्याच गाण्याची कुजबुज ऐकू येते. शहाणा माणूस रीळ उलटं, शेपटाकडून गुंडाळून ठेवतो. मग ठसा नंतर पडतो आणि खऱ्या आवाजाखाली झाकून जातो. मालकाने जवळजवळ चाळीस वर्षं ती सुलटीच ठेवली. मी ते सांगितल्यावर तो म्हणाला, की ती तशीच बरी आहेत, काय येणार आहे ते आधी कळतं.

दुसऱ्याची चूक दिसली की तुमचा हात थांबत नाही, असं बायको म्हणते. मेहुणा म्हणतो, जीभ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं गाणं उतरवलं. आधी कुजबुज होतीच, पण गाण्याची नव्हती. जड काहीतरी मिटल्याचा आवाज, काहीतरी कडकन मोडलेलं, आणि एका पुरुषाचं 'आई गं'. मला वाटलं, जुनं काही पुसून त्यावर गाणं घेतलं असेल.

दुपारी बँडचा गिटारवाला आला. आता चष्म्याचं दुकान चालवतो, पोट सुटलंय, मनाने लाजाळू. गाणं ऐकून डोळे पुसले. जाताना काही विसरलं का म्हणून वळला, आणि लोखंडी दाराने त्याची दोन बोटं नेली. नेली म्हणजे नेलीच. मेहुण्याने ती रुमालात गोळा केली.

'आई गं' हे त्याने अगदी टेपवर होतं त्याच सुरात म्हटलं. योगायोग. आया सगळ्यांना असतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याने दाराची स्प्रिंग काढली. त्याला टेपचं सांगितलं. तो हसला नाही, आणि तो हसला नाही म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या आधी साधीच कुजबुज होती. मग चौथं गाणं. आधी तीन ठोके, मग फरशीवर लहान लहान काहीतरी सांडल्याचा आवाज. दोनदा ऐकलं. खडे असावेत.

खडे नव्हते. साडेअकराला बँडचा ड्रमवाला आला. तो दातांचा डॉक्टर झालाय, नखंसुद्धा चकचकीत. चौथं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, शांतपणे उठला, झांजेचा स्टँड उचलला आणि मालकाच्या तोंडावर तीनदा घातला. जन्मभर लोकांचे दात सांभाळलेला माणूस. ते फरशीवर कसे घरंगळतात हे मी आज पाहिलं. आवाज मात्र आधीच ऐकला होता. मी आणि मेहुण्याने त्याला धरलं तेव्हा तो विचारत होता, की मी काय केलं, मी इथे कधी आलो.

शर्ट दोनदा धुतला. बाहीवर आहे अजून.

१० फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटलात गिटारवाल्याला भेटलो. हाताला बोचकं बांधलेलं. ड्रमवाल्याचं सांगितलं, तेव्हा तो खरं काय ते बोलला. बेसवाला घसरला नव्हता. त्याला बँड सोडायचा होता. आठव्या गाण्याच्या मध्येच तो गळ्यातला पट्टा काढू लागला, आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. गायक, ड्रमवाला, हा स्वतः. कशाने मारलं ते त्याने सांगितलं. मी लिहीत नाही. टेप चालू होती. ती किंकाळी गायकाची नाही.

अकरा सेकंद. त्यानंतर बेसवाल्याचा आवाज कधीच आला नाही. गायक त्याच वर्षी गळफास लावून गेला.

मालक काचेपलीकडून सगळं बघत होता. सगळं थांबल्यावर त्याने आतल्यांशी बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाला, टेक चांगला आहे, ठेवू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सोडून जायला हवं होतं. बायकोही तेच म्हणाली. पण मालक हॉस्पिटलात, रिळं माझ्या ताब्यात, आणि शेकलेली टेप महिनाभरात परत चिकट होते. खरं सांगायचं तर मला आठवं नीट ऐकायचं होतं. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी आयुष्यात केलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पाचवं, सहावं, सातवं उतरवलं. आधी फक्त गाण्याचीच कुजबुज. जीव भांड्यात पडला.

मग आठवं. सुरुवातीची कोरी टेप, आवाज मोजणारी सुईसुद्धा हलत नव्हती. आणि पुसट :

दाजी, नको.

मशीन बंद केलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मला दाजी म्हणणारा एकच. मग नको कुणाला म्हणतोय तो?

माझे हात बघत बसलो.

मेहुण्याला फोनवर सांगितलं, स्टुडिओत पाऊल टाकायचं नाही. त्याने कारण विचारलं. घाण घाण बोललो त्याला, माझ्या जिवावर मोठा झालास वगैरे. बोलायचं नव्हतं ते सगळं. तो नुसतं बरं म्हणाला. रुसलाय. रुसू दे, जिवंत रुसू दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सापडला. उपाय माझ्याच धंद्यातला! रीळ पाचसहा वेळा भरभर मागेपुढे फिरवलं की जुना ठसा पुसट होतो. मग शेपटाकडून गुंडाळून ठेवायचं. नवा ठसा नंतर पडतो. नंतर म्हणजे होऊन गेलेलं, आणि होऊन गेलेल्याला कोण भितं.

मालकाची चाळीस वर्षांची चूक मी दुरुस्त केली. तीन दिवस ठेवतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहा. आठवं लावलं. आधी काही नाही. कुजबुज नाही, ठोका नाही. धुतल्यासारखी शांतता. मला रडू आलं.

गाणं चालू आहे. चालू असतानाच लिहितोय. दारात मेहुणा आलाय. बहिणीने धाडलं म्हणे, तुम्ही फोन उचलत नाही दाजी, आणि स्प्रिंग बसवायची राहिलीय. रुसवा गेलेला. येऊ दे, आता भीती नाही, टेपवर काही नव्हतं. त्याला बसवतो. शेवटची किंकाळी त्यालाही ऐकवतो —

किंकाळी झाली.

अकरा सेकंद.

मेहुणा भिंतीला टेकून बसलाय. विचारलं, कसं वाटलं. बोलत नाही. त्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात का — कान नाही त्याला. डावा. कान कुठाय —

माझी बाही ओली.

गाणं संपलं पण रीळ फिरतंय. आता येतोय, नंतरचा ठसा, पुसट. दाजी, नको. दाजी, मी आहे. दाजी. मग ठोके. मी मोजले. सतरापर्यंत —

मग माझा आवाज. शांत. टेक चांगला आहे —

मी नाही म्हटलं. मी म्हटलं?

आधी कळलं असतं. मीच पुसलं. मालकाचं बरोबर होतं, सुलटीच बरी —

वर पावलं. गालिच्यावर. ओळखीची चप्पल. डबा घेऊन आलीय. दोघं एवढा वेळ काय करताय, म्हणून हाक मारतेय.

दाराला स्प्रिंग नाही. ढकललं की उघडेल.

रीळ आपलं आपण मागे गेलंय. आठवं परत सुरुवातीला. गाण्याच्या आधी काही नाही. काहीच ऐकू येत नाही. म्हणजे काही होणार नाही, की —

ओरडून सांगायला हवं, येऊ नको. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायला हवा. बोटं उघडत नाहीत. हात थांब

चार पायऱ्या राहिल्या. तीन. टेप शांत आहे. एकदम शां