माळ्यावरचं लाल कोहळं

११ नोव्हेंबर
अडीच महिने एक ओळ नाही. माफी मागायची तर स्वतःचीच. लसीकरण, तापाची साथ, ही कारणं खरी. पण रोज दहा मिनिटंही नव्हती असं नाही.

आज सावरगावला गृहभेटी. शेवटचं घर करुणाचं. सातवा महिना, पहिलटकरीण. निघेपर्यंत अंधारून आलं. मला पोचवायला दारापर्यंत आली आणि बादलीवर आदळली. भली मोठी पिवळी बादली.

सासू, गिरजाबाई, हसली. "सांज झाली का असंच करते थे. माह्याही टाइमाले दिसे नाई. बाळंत झाली का येते नजर आपोआप."

कधीपासून? करुणा हळूच म्हणाली, "दसऱ्यापासून."

दसऱ्यानंतर मी दोनदा येऊन गेले. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या. संध्याकाळी दिसतं का, हे विचारलंच नाही. दोन्ही वेळा दुपारी गेले होते.

१२ नोव्हें.
क.ला डॉ.कडे नेलं. रातांधळेपणाच. डोळे कोरडे, अंगात रक्तही कमी. अ जीवनसत्त्वाची कमतरता. दुर्लक्ष केलं तर बुबुळापर्यंत जातं. बाळही तीच उणीव घेऊन येतं, मग गोवर, जुलाब त्याला जड जातात.

गि.बाई : "पोरायले पाजता थे औषध पाजा ना हिले दोन चमचे. बाटली तं तुमच्या थैलीतच हाये."

होती. नाही म्हटलं. तेवढा मोठा डोस पोटातल्या बाळाला बाधू शकतो. डॉ.नी रोजची लहान मात्रा दिली, बाकी ताटातून. पालक, शेवग्याचा पाला, लाल कोहळं, तेलात परतून. पपईचं नाव काढलं नाही. गरोदर बाईच्या घरात त्यावर वाद घालण्यात दिवस जातो.

"संत्री तं दिवसभर खाते ना," गि.बाई. संत्र्यात हे फार थोडं असतं, म्हटलं. संत्र्याचा बगीचा असलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे...

१९ नोव्हें.
गोळ्या नियमित. पालक एकदाच. घरची तीन लाल कोहळी माळ्यावर जशीच्या तशी.

"घरी माणूस नाई ना बाई. पयला हात कोन मारन?"

खरंच. सासरा हयात नाही, करुणाचा नवरा आठ दिवसांपासून संत्र्याच्या गाडीवर. अख्ख्या कोहळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, पोटुशीने तर नाहीच.

म्हटलं, द्या, मी चिरते.

"तुमच्या घरी कोन चिरते?"

आमच्याकडे हे चिरतात. बी.एस्सी., नर्सिंग, वीस वर्षांचा संसार, आणि मी सुरी काढून ह्यांची वाट पाहते. मागच्या आठवड्यात कोहळं खा म्हणून सांगतानाच ही अडचण सुचायला हवी होती.

२० नोव्हें.
ह्यांना स्कुटीवर मागे बसवून नदीपलीकडे सावरगावला नेलं. वाटेत : "तुझ्या खात्यात माझी नेमणूक कोणत्या पदावर?"

गि.बाईने पाट मांडला. ह्यांनी एक घाव घातला, चहा प्यायले. पुढचं करुणाने चिरलं. कोहळ्याचे बोंडे तळले. तेलही आलं, मला हवं तेच. चार खाल्ले तिने.

"साहेब कामाचे हायेत," गि.बाई. "तुमी तं नुसतं वजनच करून राहिल्या."

रूढीपुढे वाकले का? वाकले. आज तिच्या पोटात गेलं, मला ते पुरे. माझ्या घरचा प्रश्न वेगळा.

२४ नोव्हें.
आमच्याकडचं कोहळं मी चिरलं, ह्यांच्यासमोर. मनगट दुखतंय. बाकी काही झालं नाही.

२७ नोव्हें.
करुणा : "थोडं थोडं दिसून राहिलं, बाई." चेहरा उजळ. गि.बाईच्या मते हे सगळं कोहळ्याचं काम, गोळ्यांचं काही नाही. असू दे. दोन्ही चालू राहोत.

गुण येणार, याची मला खात्री आहे. पण ती सासूसमोर बोलली, माझं मन राखायला बोलली की खरंच दिसतंय? आणि मी आजही दुपारीच गेले होते.

उद्या : दिवेलागणीच्या आधी सावरगाव. पिवळी बादली अंगणात ठेवून ती कुठे आहे, ते करुणाला दारातून विचारणे.