टायटॅनियमच्या तीन पट्ट्या

९ नोव्हेंबर, फजरच्या नमाजानंतर
इरमच्या कारखान्यातून टायटॅनियमच्या तीन पट्ट्या आल्या. हाडे जोडायच्या प्लेटांचा धातू. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या रोलखाली दाबून दोनवर आणायच्या. त्यांचे रोलिंग मशीन बंद आहे. पोरीने साहेबांना सांगितले, माझ्या अब्बांचा हात बघा. ती अजून प्रोबेशनवर आहे. तिची नोकरी माझ्या हातात आली म्हणायची. चांगल्या हातात आली.
फोनवर तिने दोनदा बजावले, इलेक्ट्रिक भट्टीतच तापवा, एका फेरीत थोडेच दाबा, पाण्यात अजिबात बुडवू नका. मी हो हो म्हटले. हिला चालायला मी शिकवले.

१० नोव्हेंबर
इलेक्ट्रिक भट्टी आयटीआयमध्ये आहे. अर्ज द्यावा लागतो. तीस वर्षे तांब्याचा पत्रा ओढणाऱ्याने अर्ज का द्यावा?
बिस्मिल्ला म्हणून पट्टी कोळशावर लाल केली आणि पाण्यात सोडली. तांबे असेच मऊ होते, हे मी अकराव्या वर्षी शिकलो. धातू सगळे एकाच मालकाने घडवले.
रोलमधून काढली. जाडी जवळजवळ तीच. कडांना केसासारख्या चिरा. मशीनच्या पलीकडे वीस वर्षे उभा राहणारा भाईदास म्हणाला, वहाबभाई, हाई तांबं नही शे, हाई तं लोखंडना सासरा शे! मी म्हटले, सासऱ्यालाही जावयापुढे वाकावे लागते.
पहिली पट्टी धातूची ओळख करून घेण्यात गेली. ती मोजायची नाही.

११ नोव्हेंबर
संकल्प: घाई नाही. दुसरी पट्टी दुप्पट वेळ कोळशात ठेवली, जास्त पाणी दिले. वरची साल इतकी कडक झाली की कानस घसरते. रोलमध्ये कडा फाटल्या. दोष वाऱ्याचा. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवरून आला, मला शिंक आली आणि दाब जास्त बसला.
अस्रच्या नमाजानंतर इरमचा फोन. कसं चाललंय, अब्बा? एक नंबर, म्हटले. पाण्यात नाही ना घातलं? मी म्हटले, वेडी का. हे खोटे नव्हे. पोरीला घोर लागू नये म्हणून बोललेले धरत नाहीत.

१२ नोव्हेंबर
दोन रकात नफिल नमाज पढून तिसरी पट्टी लावली. एकाच फेरीत पुरे करायचे, धातूला विचार करायला वेळ द्यायचा नाही.
फटाका फुटावा तसा आवाज झाला. पट्टी मधोमध उभी फाटली. तुकडा भाईदासच्या मनगटाला चाटून गेला, रोलवर खळगा पडला. मनगटाला फडके गुंडाळत तो म्हणाला, पोरनं ऐकानं व्हतं, वहाबभाई. मी त्याला घरी जायला सांगितले.
माल सदोष असावा. तसे कळवून तिन्ही पट्ट्या परत पाठवल्या.

१८ नोव्हेंबर
कारखान्यात तुकडे कापून भिंगाखाली पाहिले. माल चांगला होता. कोळशाने साल ठिसूळ झाली, पाण्याने गाभा कडक. साहेबांनी इरमला विचारले, घरी नीट सांगितले होते का? ती म्हणाली, पाण्याचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. उद्यापासून तिला कामावर येऊ नको म्हटले आहे.
हे सगळे तिनेच फोनवर सांगितले. आवाज चढवला नाही. भाईदासकाकांचा हात कसा आहे, विचारले. बरा आहे, म्हटले. मग ती थांबली. मी काही बोलेन म्हणून.
इरमच्या अम्मीने, शबानाने, विचारले, तुम्ही काय बोललात तिला? मी म्हटले, फोन कटला.
कटला नव्हता.