करंड्यातले दुधाचे दात

आई, तुझ्या पणतीचा वरचा दात पडून चार महिने झाले, नवा अजून दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. पण माझा जीव टांगणीला लागलाय. रोज सकाळी मी तिच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि ती ओरडते, "आजी, छोड़ो ना, दुखतं!"

ग्वाल्हेरला, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात तूही असंच बोट फिरवायचीस. मी सात वर्षांची. आसपासची मुलं पडलेला दात छपरावर टाकून उंदराकडे नवा मागायची. तू मात्र माझ्या मुठीतून दात काढून घ्यायचीस. "सरकारी छपरावर नको. आज इथं, उद्या भोपाळात. दात आपल्या स्वतःच्या छपरावर पडला पाहिजे." राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला जायची होती, बाबांच्या कचेरीत बदल्यांच्या याद्या निघत होत्या, आणि तू माझे दात कुंकवाच्या करंड्यात कापसावर ठेवत होतीस. खालचे दोन निमूट आले, वरचा अडला. शेजारच्या चाची म्हणाल्या, "चूहे को दिया ही नहीं, तो नया आएगा कहाँ से?" झालं! मी तोंडावर हात धरून शाळेत जाऊ लागले. त्यातच एकदा चुलीपाशी तू बाबांना विचारलंस, "अहो, माझ्यामुळंच अडला असेल का हो पोरीचा दात?" तुझा तो रडवेला आवाज मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेलीस, तशी मी करंडा उघडला, वरचा दात छपरावर भिरकावला आणि त्याच्या जागी मक्याचा पांढरा दाणा ठेवला. महिन्याभरात दात आला. तू मला कडेवर घेऊन नाचलीस. "बघ, ठेवून काही बिघडलं नाही!" मी तुझ्या खांद्यावरून छपराकडे बघत राहिले.

मग भोपाळ, एकामागून एक क्वार्टरं. स्वतःचं छप्पर काही तुला लाभलं नाही गं. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला परत आले, घर बांधलं. तू गेल्यावर तुझा करंडा माझ्याकडे आला, पण तो उघडायचा धीर मात्र कधी झाला नाही. नातीचा दात पडला तेव्हा तो ठेवायला म्हणून उघडला. बाकीचे दात कापसावर होते. मक्याचा दाणा वेगळा, तुझ्या लुगड्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवलेला.

म्हणजे तुला कळलं होतं! कधी गं? आणि एका शब्दानं बोलली नाहीस.

आता माझी गच्ची आहे, नातीचा दात तिथं टाकायला काय हरकत होती? पण मुलगा घर विकायचं म्हणतोय, आणि माझा हात उचलेना. तुझ्यासारखाच करंड्यात ठेवला. आज सकाळी मात्र तो करंडा मी तिचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवलाय, आणि शेजारी वाटीत मक्याचे चार दाणे.