हेदरला ताक

११ फेब्रुवारी १९७४
भाचा नारायण एडिंबराहून आला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हेदरची दोन झुडपे आणली. थंड डोंगरावरची वनस्पती. बारीक जांभळी फुले. नणंद गोदावरीवन्सं साताऱ्याहून आल्याच होत्या. म्हणाल्या, वहिनी, सांगलीच्या उन्हात माणूस टिकत नाही, हे काय टिकणार. अण्णा रिटायर झाला, आता दोघं आमच्याकडे राहायला या, माडी रिकामीच आहे. ह्यांनी लगेच मान डोलावली. म्हणजे भावाबहिणीचे ठरलेलेच. मी सांगितले, जूनअखेर झाड फुललेले असेल तर साताऱ्याचे नाव काढायचे नाही. वन्सं म्हणाल्या, आणि मेलं तर सामान बांधायचं. मंजूर. मी बॉटनी घेऊन बी. एस्सी. झाले आहे.

१४ फेब्रुवारी
हेदरला आंबट माती लागते. आमच्या विश्रामबागेतली काळी माती बिनकामाची. चहाचा चोथा मिसळला. रोज वाटीभर ताक घालायचे. ह्यांचे जेवणानंतरचे ताक बंद.

२ मार्च
भांडी घासता घासता धोंडुबाई म्हणाली, आवं बाई, झाडाला घालतायसा का मांजराला? लय मांजरं जमत्यात. अडाणीपणा. मांजरे हाकलण्याचे काम ह्यांना दिले.

९ मार्च
विहिरीचे पाणी खारे. गॅरेजमधून बॅटरीत घालायचे पाणी आणले. मेकॅनिकने विचारले, गाडी कंची? स्कॉटिश, म्हणून सांगितले.

२८ मार्च
ऊन. कुंड्या मधल्या गार खोलीत, टेबलफॅनसमोर. ह्यांचा पलंग व्हरांड्यात. हे म्हणाले, मलाही कुंडीत लाव. ह्या वयात विनोद शोभत नाहीत.

१७ एप्रिल
शेजाऱ्यांचा मोगरा करपला. हेदरचे एकही फूल गळलेले नाही. नवी पालवी नाही, पण शिस्त आहे. पालवी काय, कोणालाही फुटते.

३ मे
हे आठ दिवसांसाठी साताऱ्याला गेले. जाताना झाडाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, ह्याला आता उन्हाचे भय नाही. इतक्या वर्षांत प्रथमच माझे कौतुक.

२० मे
हे आले नाहीत. एस.टी.ने आलेल्या ओळखीच्यांबरोबर निरोप: इथे झोप लागते. माझे काही अडत नाही. पंख्याचा वारा सगळा हेदरला मिळतो.

८ जून
ताक मातीत जिरत नाही, वरच राहते. झाड तृप्त असावे.

३० जून
वन्सं ह्यांना घेऊन आल्या. झाड पाहून दारातच थांबल्या. म्हणाल्या, हरले बाई, रंगसुद्धा तसाच आहे. मी चहा टाकायला वळले. तेवढ्यात त्यांनी देवाला वाहायला डहाळी मोडली. कट्. फुलांचा भुगा पदरावर. वन्सं म्हणाल्या, अगं, हे केव्हाच गेलंय. हे म्हणाले, मला वाटलं, तुला ठाऊक आहे.
झाड फुललेले असावे, एवढेच ठरले होते. हे मी सांगून पाहिले. चहा गार झाला.

४ जुलै
सामान बांधले. वन्संच्या सांगण्यावरून नव्हे. हेदरच्या मुळांत जीव असणार आणि साताऱ्याची हवा त्याला मानवेल, म्हणून जाणे भाग आहे. खिडकीजवळ कुंड्या ठेवता याव्यात म्हणून तीन तिकिटे काढायला सांगितले होते. ह्यांनी दोनच आणली. म्हणाले, गेलेल्यांना तिकीट लागत नाही.
कुंड्या मांडीवर घेईन.