सात नंबरची ओळ

४ मार्च, मंगळवार
पुन्हा तीच सात नंबरची ओळ! रबराच्या बाकी सगळ्या ओळी चीक देतात, आणि ही बारा झाडं ठणठणीत कोरडी. संशोधनवाल्या मॅडम म्हणाल्या, "कलमं एकाच जातीची, जनुकं तीच. मग लेबलांचीच अदलाबदल झाली असणार." लेबलं कोण बांधतं? मी!

मी चिठ्ठी वाचतो, बांधतो, परत वाचतो. मुकादम म्हणतो, "हेडमास्तर, झाडाला वाचता येत नाही हो!" नववी नापासाला हेडमास्तर म्हणण्यात त्याला काय गोडी आहे कोण जाणे.

५ मार्च
जेवता जेवता मनात ओळी मोजल्या. आई म्हणाली, "ताटात बघ."

७ मार्च, शुक्रवार
पानं तपासणीला जाणार. लेबलं चुकीची निघाली तर माझी सुट्टी — कायमची. आणि मुकादमाने पानं तोडली भर दुपारी! ठरलं होतं सकाळी आठला. उन्हाने पानाच्या आतला कारभार बदलतो, हे मॅडमनी दहादा सांगितलंय. तर म्हणे, "पान ते पान!" मी सगळी फेकून दिली. डोकं फुटायची वेळ आली आहे.

८ मार्च
मीच तोडली. सात नंबरची बारा, आठ नंबरची बारा. तोडलं की लगेच थंडगार द्रवात. आठ वाजून अकरा मिनिटांनी काम संपलं. नंतर लेबलं तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचणार, तोच मुकादमाने डबाच उचलून नेला.

१९ एप्रिल, शनिवार
लेबलं बरोबर! बाराही झाडं त्याच जातीची! मॅडमनी मला खुर्ची दिली, समजावलं — जनुकं तीच, पण सात नंबरच्या झाडांत त्यांच्यावर खुणा बसल्यात. त्यामुळे चीक बनवणारी जनुकं मिटून राहिलीत. "मूळ झाडाने फार सोसलं असेल, तर अशा खुणा त्याच्या डोळ्यांतून, म्हणजे कलमासाठी काढलेल्या कोंबांतून, कलमांत येऊ शकतात. डोळे कुठल्या झाडाचे?"

वही काढली. टेकडीखालचं एकतीस नंबर.

"चिकासाठी त्याची साल कोण कापायचं, किती वेळा, सगळं लिहून आण."

कोण कापायचं ते मला ठाऊक होतं. निवृत्त होईपर्यंत तो सगळा पट्टा बाबांकडेच होता. मी नुसतं "हो मॅडम" म्हणालो.

२० एप्रिल
बाबांना विचारलं. म्हणाले, "एक दिवसाआड कापायचं, असा नियम होता. मी रोज कापलं. दोन वर्षं." का? "बादल्या सगळ्यांत जास्त भरल्या, तर पोराला कामावर घेतो म्हणाले होते मळ्याचे साहेब."