मागच्या रांगेतून पाहिलेलं युद्ध

प्रिय टिटवी,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि माझं एकही नाही. आठ महिने झाले. दुसऱ्या पत्रात तू विचारलंस, गोगलगाय मेली की काय? मेली नाही गं. लिहायला बसायची आणि तारीख घालून उठायची. आज ठरवलंय, सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही.

आधी इकडची खबर. थिएटर आता आठवड्यातून तीनच दिवस चालतं. तिकीट खिडकीत अजून मीच, एकतिसावं वर्ष. गुडघे कुरकुरतात, पण खेळ सुरू झाला की खिडकी बंद करून मागच्या रांगेत, दाराशेजारी जाऊन बसायची सवय सुटत नाही. बाबा अठ्ठ्याऐंशीचे झाले. कान शाबूत, जीभ तिखट, बूट अजून स्वतःचे स्वतः घालतात.

युद्धाबद्दल मला जे काही कळलं ते त्या मागच्या रांगेतूनच. परकं सैन्य गावात शिरलं तेव्हा आपण नऊ वर्षांच्या. तुझ्या वडिलांना, आपल्या मास्तरांना, घरातून नेलं ते आठवतं. तुझा एकच मोजा घातलेला पाय आठवतो. बाकी सगळं धूसर. युद्ध संपलं, तू आणि तुझी आई गाव सोडून गेलात, आणि मोठ्या माणसांनी तोंडाला कुलपं लावून घेतली. शाळेच्या पुस्तकात दीड पान. आपला देश नकाशावर बोट ठेवलं तर झाकला जाईल एवढा. त्याच्या युद्धाला आणखी किती जागा मिळणार?

मग सिनेमे यायला लागले. पहिल्यात जंगलात लपलेले आपले लढवय्ये होते. शेवटी पूल उडाला तेव्हा अख्खं थिएटर उभं राहून रडत होतं. फक्त बेकरीवाली म्हातारी पुढच्या रांगेतून ओरडली, “मेल्यांचे बूट बघा! हिवाळाभर चिखलात, आणि पॉलिश कसं चकाकतंय!” रडता रडता लोक हसले. दुसरा सिनेमा एका बाईने काढलेला. त्यात लढाई नव्हतीच, उपाशी हिवाळा होता. एक आई कपाटाची दारं फोडून चुलीत घालते. तुमच्या घरातल्या कपाटाला दारं का नव्हती, ते मला चाळिशीत, अंधारात बसून कळलं. परकं सैन्य दोन वर्षं सात महिने गावात होतं, हेही तिथंच. मी आपली एकच हिवाळा धरून चालले होते. घरी येऊन बाबांना काही विचारलं की ते म्हणायचे, “सिनेमा तो सिनेमा. हात धुऊन घे, जेवायला बस.”

गेल्या शरद ऋतूत तिसरा आला. दुपारचा खेळ, चौदा माणसं. घरातली शेगडी बिघडली होती म्हणून ऊब मिळेल या बेताने बाबा माझ्याबरोबर आले. सिनेमातला नायक पोस्टमन, बाबा होते तसाच. मला गंमत वाटली, बाबांना कोपराने ढोसलंसुद्धा. परका अधिकारी त्या पोस्टमनला बोलावून विचारतो, सरहद्दीपलीकडून पत्रं कोणत्या घरी येतात? पोस्टमन नाही म्हणतो. त्याला मारतात, तरी तो नाहीच म्हणतो. आणि माझ्या शेजारून बाबा भर अंधारात मोठ्याने म्हणाले, “खोटं आहे.” लोक वळून बघायला लागले. ते उठून बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते पायऱ्यांवर बसले होते, टोपी गुडघ्यावर. मला वाटलं, बरं वाटत नसेल. म्हणाले, “मारत नाहीत ते. बसायला खुर्ची देतात. चहा देतात. आपल्याच भाषेत बोलतात. मला आधी विचारलं, मुलगी कितवीत आहे, शाळा किती वाजता सुटते. मग पत्रांचं विचारलं.” मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. मग ते म्हणाले, “मी मास्तरांचं घर सांगितलं.”

टिटवी, हे मी त्यांची बाजू मांडायला लिहीत नाही. ज्या मुलीच्या शाळेची वेळ विचारली ती मी होते, तेव्हा बाजू मांडायचं तोंड मला नाही. पण अर्धवट सांगितलं तर मीही त्यांच्यासारखीच होईन, म्हणून पुढचंही वाच. मास्तरांना दूरच्या छावणीत नेलं असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. चौथ्या दिवशी बाबा दगडखाणीच्या चौकीवर टपाल द्यायला गेले तेव्हा लॉरी तिथं उभी होती. लॉरीतून उतरवलेल्यांत मास्तर होते. बाबांनी सायकल वळवली. पाठीमागून गोळ्यांचे आवाज ऐकू आले. त्यानंतर दोन वर्षं तुझी आई रोज फाटकात उभी राहून विचारायची, “भावोजी, छावणीतून काही आलं का?” आणि बाबा सांगायचे, “आज नाही वहिनी, उद्या बघू.” हे सांगताना ते रडले नाहीत. मला त्याचाच राग आला. महिनाभर मी त्यांच्यापुढे ताट ठेवत होते, शब्द एकही नाही. एके सकाळी त्यांनी आपणहून कोट घातला आणि म्हणाले, “नगरपालिकेत चल. मला लिहून द्यायचंय.” कारकुनाने तीन तास जबाब घेतला. सही करताना अक्षर नीट काढलं.

बर्फ वितळल्यावर त्यांनी दाखवलेल्या जागी खणलं. सात माणसं सापडली. कोण कुठला हे हाडांवरून सांगता येत नाही, रक्ताच्या नात्याचा माणूस लागतो. तुझी आई तर आता नाही, आणि मास्तरांच्या रक्ताची तू एकटीच. फॉर्म सोबत जोडलाय. रक्त तिकडच्या दवाखान्यात दिलं तरी चालतं, पण येणार असशील तर माझ्याकडे उतरू नकोस, तुला जड जाईल. स्टेशनसमोर खोली बघून ठेवलीय. बाबा रोज विचारतात, टिटवी येईल का? मी सांगितलंय, आली तरी तुमच्यासाठी येणार नाही. ते म्हणतात, “बरोबर आहे.” तू मलाही भेटली नाहीस तरी मी समजेन. पण ये गं. पन्नास वर्षं मास्तरांना नावाशिवाय ठेवलंय आम्ही.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
गोगलगाय